सारा, सातबारा आणि मत: जमिनीची मालकी व राजकीय हक्क यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने जमिनीचे कागद वाचून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो. लोक येतात वारसनोंदीसाठी, पण कागद उलगडला की प्रश्न भलतीकडेच जातात: पणजोबांना मत होतं का, आजीला का नव्हतं, गावकीत आपल्या घराला मान होता म्हणजे नेमकं काय होतं. तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली आहेत. जिथे जिल्ह्याचा उल्लेख नाही तिथे जुना मुंबई इलाखा समजावा.

१. जमीन असेल त्यालाच मत, असं खरंच होतं का?

जवळपास तसंच होतं. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१९ च्या कायद्याखाली १९२० पासून प्रांतिक कायदे कौन्सिलांच्या निवडणुका मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्या. त्यात खेड्यातल्या माणसाची मतदार म्हणून पात्रता मुख्यतः एका आकड्यावर ठरे: त्याच्या नावावरच्या जमिनीचा सरकारी सारा किती. शहाणपण, गावातली पत यांना यादीत रकाना नव्हता. १९३५ च्या कायद्याने हा आकडा खाली आणला आणि १९५० च्या राज्यघटनेने तो पुसून टाकला. म्हणजे मताधिकाराची आणि साऱ्याची ही सांगड आपल्याकडे जेमतेम तीस वर्षं टिकली. गावकीतली सांगड मात्र त्याहून कितीतरी जुनी (प्रश्न २).

२. इंग्रजांच्या आधी गावात बोलायचा हक्क कोणाला होता? तेव्हाही जमीनच लागायची का?

जमीन लागायची, पण तेवढ्याने भागत नव्हतं. खरा शब्द ‘वतन’, म्हणजे गावाच्या कामाबद्दलचा वंशपरंपरागत हक्क.

मराठा काळात देशावरच्या गावात जमीन कसणारे दोन तऱ्हेचे होते. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमीन धरून असलेला. त्याला ती विकता येई, गहाण टाकता येई, आणि परागंदा होऊन बऱ्याच वर्षांनी परतला तरी हक्क सांगता येई. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, कराराने जमीन कसणारा. उपऱ्यावर साऱ्याचा बोजा कधीकधी कमीही असे, पण गावच्या निवाड्यात त्याचं तोंड बंद. ‘उपरा’ हा शब्द आज आपण सहज वापरतो. त्यातला डंख तिथला आहे.

तंटा उभा राहिला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा मजहर लिहिला जाई. या मजहरांच्या तळाशी निशाण्या असतात. पाटील-कुणब्यांचा नांगर, न्हाव्याचा आरसा, अशी ज्याची त्याची कामाची खूण. ज्याला लिहिता येत नाही तोही इथे साक्षीदार म्हणून हजर आहे. आणि पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे या यादीत बलुतेदारही आहेत, शिवेच्या भांडणात महाराची साक्ष तर वजनदार मानली जाई. त्यांच्याकडे पाटलाइतकी जमीन नव्हती, वतन होतं. गावाच्या दप्तरात ज्याचं वतन नोंदलेलं, त्याची निशाणी. ज्याची नोंद नाही, तो कितीही राबला तरी मजहरात नाही.

याचा अर्थ जुनी गावकी म्हणजे लोकशाही होती, असा काढणारे भेटतात. ती नव्हती. महाराची साक्ष घेतली जाई, पण त्याला चावडीवर बसवून घेतलं जात नव्हतं.

३. मग मिरासदार-उपरी हा भेद गेला कधी?

रयतवारी मोजणीने. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली ती पुढे सगळ्या दख्खनभर पसरली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराला आकार (म्हणजे सरकारने ठरवलेला सारा), आणि आकार भरणारा तो खातेदार. सरकारला मिरासदार कोण नि उपरी कोण याच्याशी देणंघेणं राहिलं नाही. सारा वेळेवर येतो ना, एवढंच.

गावच्या मनातून भेद लगेच गेला असं नाही. पण कागदावर दोघं एका रांगेत आले, आणि ऐंशी वर्षांनी मतदारयादी करायची वेळ आली तेव्हा सरकारपुढे ही खात्यांची यादी तयारच पडलेली होती. मताची अट साऱ्यावर ठेवण्यामागे तत्त्वज्ञान होतंच (प्रश्न ५), पण तलाठ्याचं दप्तर हाताशी होतं, ही सोयही लहान नव्हती.

४. इंग्लंडात तरी सगळ्यांना मत होतं ना?

मुळीच नाही. १४३० च्या कायद्याने तिथल्या कौंटीत मत देण्यासाठी वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन हवी, असं ठरवलं. ती अट चारशे वर्षं चालली. १८३२ च्या सुधारणेत काही भाडेकरूंना आणि शहरातल्या १० पौंड भाड्याच्या घरवाल्यांना आत घेतलं. १८६७ आणि १८८४ मध्ये दार आणखी उघडलं. सगळ्या सज्ञान पुरुषांना मत मिळालं १९१८ मध्ये. बायकांना त्याच वर्षी, पण वय तीस हवं आणि स्वतःकडे किंवा नवऱ्याकडे ठरावीक किमतीचं घर वा जमीन हवी. स्त्री-पुरुषांची अट सारखी व्हायला १९२८ उजाडलं, आणि धंद्याच्या जागेवर किंवा विद्यापीठाच्या पदवीवर मिळणारं दुसरं मत १९४८ च्या कायद्याने गेलं.

म्हणजे साउथबरो समिती १९१८-१९ मध्ये हिंदुस्थानात कोणाला मत द्यायचं याची चौकशी करत फिरत होती, तेव्हा ज्यांच्या देशातून ती आली होती तिथे सर्व पुरुषांना मत मिळून वर्षही झालेलं नव्हतं.

५. जमीन नसलेल्याला मत नको, यामागे काय युक्तिवाद होता?

तीन गोष्टी पुन्हा पुन्हा मांडल्या जात. ज्याची जमीन त्याचा देशात जीव गुंतलेला, बाकीचे आज इथे उद्या तिथे. जो कर भरतो त्यालाच कर कसा खर्च व्हावा हे सांगायचा हक्क. आणि तिसरी, सर्वांत चलाख: ज्याचं पोट दुसऱ्याच्या हातात, त्याला स्वतःचं मतच नसतं, तो मालक सांगेल तिथे हात वर करणार, म्हणून त्याला मत देणं म्हणजे मालकाला दोन मतं देणं.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य होतं. मतदान उघड असे तोवर कुळाला जमीनदाराच्या डोळ्यांदेखत मत द्यावं लागे. पण त्यावरचा उपाय गुप्त मतदान हा होता आणि तो इंग्लंडात १८७२ मध्ये आलाही. त्यानंतर हा मुद्दा उरायला नको होता. उरला, कारण तो कारण नव्हता, निमित्त होतं.

६. १९२० साली आमच्याकडे नेमकी अट काय होती?

खेड्यात: स्वतःच्या हक्काने किंवा कायम कूळ म्हणून धरलेली, किमान ३२ रुपये आकाराची जमीन. रत्नागिरी, पंचमहाल आणि सिंधमधला सरहद्द जिल्हा इथे १६ रुपये. रत्नागिरीला सवलत का, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको; भाताची खाचरं म्हणजे काही देशावरची रानं नव्हेत.

याखेरीज प्राप्तिकर भरणारे, आणि सैन्यातून निवृत्त झालेले किंवा पेन्शनवर आलेले शिपाई व अधिकारी. शेवटची वाट अनेकांच्या ध्यानात येत नाही. एक गुंठाही नावावर नसलेला माजी शिपाई मतदार असू शके. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांत यादीत नाव आहे पण जमीन सापडत नाही, असं झालं तर आधी पलटणीचे कागद शोधा.

देशभरात या अटींत बसणारे पन्नास-पंचावन्न लाखांच्या आसपास होते. लोकसंख्येच्या मानाने मूठभर.

७. ३२ रुपये सारा म्हणजे किती एकर?

सरसकट उत्तर नाही, कारण आकार जमिनीच्या प्रतीवर होता. दख्खनच्या अनेक कोरडवाहू तालुक्यांत तो एकरी रुपयाच्या आत असे. समजा १२ आणे धरला, तर ३२ रुपयांसाठी साधारण ४३ एकर लागतात. ८ आणे धरला तर ६४ एकर. बागायत, नदीकाठची काळी जमीन असेल तर याहून पुष्कळ कमी.

यातून एक उलटा प्रकार होई. दुष्काळी पट्ट्यातला शेतकरी पन्नास एकर माळरान कसूनही यादीबाहेर, आणि पाटस्थळाच्या जमिनीचा मालक वीस-बावीस एकरांत आत. सरकारचा आकडा जमीन मोजत नव्हता, सरकारला त्या जमिनीतून काय मिळतं ते मोजत होता.

८. आमची जमीन इनाम होती. सारा माफ होता, मग पणजोबांचं नाव यादीत कसं?

नियमातले शब्द ‘आकारलेला किंवा आकारता येण्याजोगा सारा’ अशा अर्थाचे होते. इनाम जमिनीला सारा माफ असला तरी तिचा आकार कागदावर ठरलेला असे, आणि पात्रतेसाठी तोच धरला जाई. त्यामुळे सरकारला पै न देणारा इनामदार मतदार झाला आणि ३१ रुपये रोकड भरणारा कुणबी झाला नाही. ‘कर भरतो त्याला मत’ हा प्रश्न ५ मधला युक्तिवाद इथे कुठे गेला, ते ज्याने त्याने पाहावं.

९. चार भाऊ एकत्र होते, सारा ४० रुपये होता. चौघांनाही मत होतं का?

नाही. एकत्र कुटुंब हा एकच घटक धरला जाई आणि मत एक. ते कर्त्याने किंवा कुटुंबाने नेमलेल्या माणसाने द्यायचं. वाटणी झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला १० रुपये, म्हणजे चौघंही बाहेर. एकत्र राहिले तर एकाला मत, वेगळे झाले तर एकालाही नाही. त्या काळात कागदोपत्री वाटणी लांबवण्याची कारणं अनेक होती; हे त्यातलं मुख्य असेल असं मला वाटत नाही, पण यादीतून अचानक नाव नाहीसं झालेलं दिसलं तर वाटणीचा फेरफार जरूर तपासावा.

१०. आम्ही खोताची कुळं. आम्हाला मत होतं का?

१९२० च्या नियमांत साध्या कुळाला जागा नव्हती. कायम कूळ असेल आणि आकाराची अट पुरी होत असेल तरच. रत्नागिरी-कुलाब्यातली बहुतेक कुळं या दोन्ही चाळण्यांतून खाली पडत. खोत स्वतः मात्र गावाचा सारा सरकारला पोचवणारा, त्याला अडचण नव्हती.

१९३५ च्या कायद्याने अट ८ रुपयांवर आणली आणि जमीन धरून असलेल्या कुळालाही वाट दिली. १९३७ च्या निवडणुकीनंतरची विधानसभा म्हणूनच वेगळी दिसते. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक तिथे मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आला. विधेयक काही पुढे गेलं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. पण ज्यांना सतरा वर्षांपूर्वी यादीतही जागा नव्हती त्यांचा प्रश्न सभागृहात पोचला, याला ८ रुपये कारण झाले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

११. सरदार-इनामदारांना वेगळा मतदारसंघ होता, हे खरं?

खरं. १९२० च्या कौन्सिलात दक्षिणेतले सरदार व इनामदार, गुजरातचे सरदार व इनामदार, सिंधचे जहागीरदार व जमीनदार, असे खास मतदारसंघ होते. असा माणूस आपल्या जिल्ह्याच्या सर्वसाधारण मतदारसंघात एक मत देई आणि या खास मतदारसंघात दुसरं. १९३५ च्या कायद्यानंतर मुंबई विधानसभेच्या १७५ जागांत जमीनदारांसाठी २ उरल्या.

याच्या जोडीला विसरली गेलेली गोष्ट: १९१९ च्या व्यवस्थेत मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव होत्या. जमिनीचा मोठा भाग ज्यांच्याकडे, त्यांनाही निवडून येण्याची खात्री वाटत नव्हती. खेड्यातलं मत साऱ्यावर ठरत होतं, पण उमेदवारी, वकिली आणि वर्तमानपत्रं शहरातल्या शिकलेल्यांच्या हातात होती.

१२. मग बायकांचं काय?

१९१९ च्या कायद्याने स्त्रियांचा निर्णय प्रांतांवर सोपवला. मुंबईच्या कौन्सिलाने १९२१ मध्ये लिंगाची अट काढली. कागदावर स्त्री-पुरुष समान झाले. जमीन मात्र पुरुषांच्याच नावावर. त्यामुळे यादीत आल्या त्या प्रामुख्याने विधवा आणि काही इनामदार घराण्यांतल्या बायका.

१९३५ मध्ये अट सैल केली ती अशी: स्वतःची मालमत्ता असलेली, साक्षर असलेली, सैनिकाची पेन्शन घेणारी विधवा किंवा आई, किंवा पात्र पुरुषाची बायको. पण बायकोसाठी नवऱ्याची पात्रता आताची नव्हे, जुनी, वरची धरलेली. म्हणजे नवऱ्याला ८ रुपयांवर मत, आणि त्याच्या बायकोला मत हवं तर त्याचा सारा ३२ रुपये हवा. एका बाईचं मत चार पुरुषांच्या साऱ्याइतकं महाग. कागद चाळताना हा गुणाकार कळला तेव्हा मी तो दोनदा ताडून पाहिला.

पुढची गोष्ट प्रश्न १७ मध्ये.

१३. महार वतनाची जमीन होती, तर महारांना मत मिळायला हवं होतं. मिळालं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचं उत्तर दोन टप्प्यांत द्यावं लागतं.

१९२० मध्ये: बहुतेकांना नाही. वतनाची जमीन असे, हाडकी-हाडोळा म्हणतात ती, पण ती थोडी, आणि सगळ्या भावकीत विभागलेली. गावोगाव वतनदारांची संख्या वाढत गेली, जमीन तेवढीच राहिली. एकेकाच्या वाट्याचा आकार आण्यांत मोजायचा. त्या बदल्यात मात्र राबणूक पूर्ण: सरकारी टपाल, चावडी, साहेबाचं सामान, रात्री-अपरात्री बोलावणं. वतनाने माणूस गावाला बांधलेला, मतासाठी मात्र अपुरा.

साउथबरो समितीपुढे १९१९ च्या जानेवारीत साक्ष देताना आंबेडकरांनी हाच मुद्दा धरला होता: मालमत्तेची एकच अट सगळ्यांना लावली की ज्यांना मालमत्ता करूच दिली नाही ते आपोआप गळतात. अस्पृश्यांसाठी अट खाली आणा, अशी त्यांची मागणी होती. सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये ते सरळ प्रौढ मताधिकारावर आले. त्याच वर्षी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मुंबई कौन्सिलात आणलं. महारांना राबणुकीतून सुटून जमीन साध्या रयतेसारखी धरता यावी, हा त्याचा गाभा. त्याची जी वाट लागली ती पाहता त्यांनी ते मागे घेतलं.

दुसरा टप्पा १९३५ चा. मुंबई प्रांतात अनुसूचित जातीच्या माणसाला साक्षरतेवर, किंवा कनिष्ठ गावकामगाराचं काम प्रत्यक्ष केलं असल्याच्या आधारावर मत मिळू लागलं. वतनाची जमीन किती, हा प्रश्न बाजूला पडला. ज्या राबणुकीतून सुटायची धडपड चालली होती, तीच मतदारयादीत जाण्याची पावती झाली. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाला १९३७ मध्ये जे यश मिळालं त्यामागे ही वाढलेली यादी होती.

कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा. तोवर घटनेने दिलेलं मत येऊन आठ वर्षं झाली होती.

१४. शहरात शेती नव्हती. तिथे कोण मतदार?

शहरात घर. मुंबईत महिना १० रुपये भाड्याच्या जागेत राहणारा मतदार. गिरणी कामगाराची चाळीतली खोली सहसा याहून स्वस्त असे, म्हणून गिरणगाव बव्हंशी यादीबाहेर. नगरपालिकेत ही तऱ्हा आणखी जुनी: १८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेत ६४ सभासद झाले, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे.

१५. हे सगळं मराठवाड्याला आणि विदर्भाला लागू होतं का?

नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तिथे हे कायदे नव्हते. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात; वऱ्हाडात रयतवारी, नागपूरकडे मालगुजारी, आणि अटी त्या त्या पद्धतीप्रमाणे वेगळ्या. कोल्हापूर, सांगली, औंध ही संस्थानं, प्रत्येकाचं वेगळं. कृपया ३२ रुपयांचा आकडा तिकडच्या कागदांना लावू नका.

१६. गोव्याच्या गावकरीत अजूनही मतदान होतं म्हणतात, ते काय?

होतं, आणि या सगळ्या विषयातलं ते जिवंत उदाहरण आहे. गोव्यातल्या गावकरीत (पोर्तुगीज नाव कोमुनिदाद) जमीन मुळात कोणा एकाची नाही, गावकऱ्यांच्या संस्थेची. मूळ वसवणाऱ्या कुळांचे पुरुष वंशज ते गावकार. उत्पन्नातून त्यांना मिळणारा वाटा म्हणजे झोण. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये आफोन्सो मेक्सियाच्या सनदेत हे रिवाज लिहून काढले आणि शेवटची संहिता केली १९६१ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या काही महिने आधी. आज दोनशेहून अधिक कोमुनिदादी आहेत आणि त्यांचे सभासद व्यवस्थापन समिती निवडतात.

गावात पिढ्यान् पिढ्या राहणारा पण गावकार नसलेला माणूस पंचायतीत मत देतो, कोमुनिदादीत नाही. मुंबईत जन्मलेला गावकाराचा मुलगा मात्र तिथे हक्क सांगू शकतो. मजहराबाहेर राहिलेला उपरी आठवतो ना? (प्रश्न २)

१७. मालमत्तेची अट गेली कधी?

२६ जानेवारी १९५०, कलम ३२६. वय २१ (आता १८), नागरिकत्व, आणि मतदारसंघात वास्तव्य. घटना लागू होण्याआधीच, १९४७-४८ पासून, प्रौढ मताधिकाराच्या याद्या करायला सुरुवात झाली होती. १९५१-५२ च्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. १९३७ मध्ये होते सुमारे ३ कोटी.

याद्या करताना नवाच पेच उभा राहिला. उत्तरेकडच्या काही राज्यांत मोठ्या संख्येने बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत आणि जवळपास २८ लाख नावं गळली. जमिनीची अट गेली, नोंदीची राहिली.

१८. मत मिळाल्यावर जमीन मिळाली का?

थोडीफार. १९४८ च्या कूळ कायद्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवला आणि त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. पण तोवर अनेक कुळांकडून ‘राजीखुशीने’ जमीन सोडल्याचे राजीनामे लिहून घेतले गेले होते. तुमच्या फेरफारात पन्नाशीच्या दशकातला असा राजीनामा दिसला तर त्यातला राजीखुशी हा शब्द जपून वाचा. गोव्यात १९६४ नंतरचे कूळ कायदे आणि १९७५ चा मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा) कायदा हेही मतपेटीच्या मागून आलेले.

१९. माझं घर आणि शेत गावाला, राहतो पुण्यात. गावात मत देऊ शकतो ना? मालक आहे मी.

मालकी असल्यामुळे? नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्पष्ट सांगतं की मतदारसंघात घर मालकीचं किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. नेहमी राहता तिथे मत. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा. प्रश्न ६ मधला नियम कायदेमंडळाने इथे शब्दशः उलटा केलेला दिसतो.

परदेशातल्या भारतीय नागरिकांना २०१० च्या दुरुस्तीने पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं. तिथेही पत्ता लागतो, सातबारा नाही.

२०. पण सरपंचाचं पद जमिनीमुळे जातं, हे ऐकलंय.

जमीन नसल्याने नाही. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असल्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली सदस्य अपात्र होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याचा अर्थ कुटुंबाच्या अतिक्रमणापर्यंत वाढवला: अतिक्रमण सासऱ्याचं, राहते सून, तरी सुनेचं पद जातं. हेतू समजतो. पण गावठाणात ज्यांना कधी जागाच मिळाली नाही, गायरानावर झोपडी घालूनच जे दोन पिढ्या राहिले, तेच यात जास्त सापडतात, हेही दिसतं.

२१. आज कुठे कुठे जमिनीवर मत ठरतं?

विधानसभेत नाही, पण खेड्याचं रोजचं राजकारण जिथे चालतं तिथे ठरतं. सहकारी साखर कारखान्याचा उत्पादक सभासद व्हायला ऊस हवा, म्हणजे जमीन हवी आणि पाणीही. सभासद झालात की शेअर कितीही असोत, मत एकच. १९६० च्या सहकार कायद्याची ही चांगली बाजू. प्रवरानगरपासून पुढे प्रत्येक कारखान्यात उसाचा मालक मतदार झाला; ऊस तोडणारा नाही. पाणीवापर संस्थेतही मत लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाचं. बाजार समितीसाठी २०१७ मध्ये किमान १० गुंठ्यांची अट घालून शेतकऱ्यांना थेट मत दिलं गेलं, पुढे सरकारं बदलली तसा नियमही बदलला. आणि शहरी वाचकांनी फार हसू नये: हाउसिंग सोसायटीत वीस वर्षं भाड्याने राहणाऱ्याला पाण्याच्या टाकीवरसुद्धा मत नसतं.

उलटं उदाहरण एकच, पण ठसठशीत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही.

२२. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं तर तिला यांतलं काही मिळतं का?

प्रश्न २१ मधल्या संस्थांत, हो. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शरद जोशी यांनी नेमका हाच आग्रह धरला होता. मुलींना महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आहे. ‘बहिणीने हक्कसोड करून दिलं’ असं अभिमानाने सांगणारे माझ्याकडे दर आठवड्याला येतात. त्या हक्कसोडीबरोबर तिचं कारखान्यातलं, सोसायटीतलं मतही सुटतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

२३. पणजोबांचं नाव १९३७ च्या यादीत सापडलं. त्यावरून जमीन आमची होती हे सिद्ध होतं का?

नाही. प्रश्न ६, १० आणि १३ वाचलेत तर कारण कळेल: नाव साऱ्यावर, कूळ म्हणून, पेन्शनवर, साक्षरतेवर, गावकामावर, कशावरही आलेलं असू शकतं. मालकीसाठी फेरफार, खासरा, कडईपत्रक हे जमिनीचे जुने कागदच पाहावे लागतील. यादी मालकीचा पुरावा नाही, दिशा दाखवते.

२४. घरी जुन्या सारापावत्या आहेत. ठेवू की टाकू?

ठेवा. आधी वर्ष पाहा, मग खाते नंबर, मग आकार. १९२० ते १९३५ च्या दरम्यान आकार ३२ किंवा त्याहून जास्त असेल तर त्या घरातलं कोणी मतदार असण्याची शक्यता आहे. मोडी लिपीत असतील तर सावलीत पसरून फोटो काढा. आणि लॅमिनेशन करू नका, त्या आत कुजतात.